"आपलं काही खरं नाही" असं निवडणुकीआधी म्हणावं का?

बूथ_चौदा

मंडळी, महापालिकेची निवडणूक तोंडावर आली आहे. माझ्या पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विचारायचंय ते सगळ्याच पक्षांना लागू आहे, आणि नाव लिहिलं की चर्चा भलतीकडे जाते.

गेल्या रविवारी आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तात्यांना काढून टाकलं. तात्या म्हणजे पंचवीस वर्षं एकच बूथ सांभाळणारा माणूस. पद मागितलं नाही, तिकीट मागितलं नाही. त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "चारही चाळी फिरून आलो. या वेळी आपलं काही खरं नाही. आत्ता हातपाय हलवले तर चारातल्या दोन जागा वाचतील." पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. "तात्या, निगेटिव्ह पसरवू नका." "समोरच्यांनी किती दिले?" "वय झालं, आता आराम करा." मग ॲडमिनने काढलं. मी सगळं वाचत होतो आणि गप्प बसलो. चार दिवस झाले, ते गप्प बसणं मनातून जात नाही.

मागचं सांगतो. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा ज्या आघाडीला मिळाल्या, तिच्यातलेच आम्ही. जूनपासून आमच्या बैठकांचा सूरच बदलला. मे महिन्यापर्यंत बोलणं असायचं ते कुठली गल्ली राहिली, कुणाची नावं यादीतून गेली, याचं. जूननंतर बोलणं सुरू झालं ते मंत्री कोण होणार याचं. ऑक्टोबरात एका बैठकीत तात्या म्हणाले होते, "दारात गेलो की बायका गप्प बसतात. मला त्याची भीती वाटते." सगळे हसले. मीही हसलो.

२३ नोव्हेंबरला मी मतमोजणी प्रतिनिधी होतो. जाळीच्या अलीकडे, मांडीवर पॅड. शेजारी आमच्याच वस्तीतला एक पोरगा, पहिल्यांदाच आलेला, दोन रंगांची पेनं घेऊन. चौथ्या फेरीपर्यंत त्याने प्रत्येक आकडा सुवाच्य अक्षरात लिहिला. पाचवी फेरी सुरू झाली तेव्हा तो थांबला. पेनाला टोपण लावलं आणि नुसता समोरच्या टेबलाकडे बघत राहिला. बाहेर टेम्पोत गुलालाची पोती तशीच होती. राज्यभर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे: काँग्रेस १६, ठाकरेंची शिवसेना २०, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. पाच महिन्यांपूर्वी ३० खासदार निवडून आणलेले आम्हीच!

तर प्रश्न असा. ज्याला हार दिसते त्याने ती बोलावी की नाही? आणि बोलायची तर कुठे?

चौकातला

बूथ_चौदा, तात्यांना काढलं ते चुकलंच. पण मी ॲडमिनची बाजूही मांडणार आहे, कारण मी त्या जागी बसलेलो आहे.

ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतात. तिथे लिहिलेलं दहा मिनिटांत स्क्रीनशॉट होऊन समोरच्याच्या ग्रुपमध्ये जातं, आणि संध्याकाळी चौकात "त्यांचेच लोक म्हणतायत" म्हणून फिरतं. मत वाया घालवायचं नाही म्हणून वारं बघून मत देणारा मतदार प्रत्येक प्रभागात असतो. तो काय ऐकतो याला महत्त्व आहे.

२०१७ च्या महापालिकेची गोष्ट. मतदानाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास कुणीतरी उठवलं की आमच्या उमेदवाराने हात टेकले. खोटं होतं. पण दोन वाजेपर्यंत आमची तीन टेबलं उठली. चिठ्ठ्या लिहून देणारी पोरं घरी गेली, एक जण तर समोरच्याच्या टेबलावर बसून वडापाव खाताना दिसला. संध्याकाळचे शेवटचे दोन तास आमचा मतदार येत होता आणि त्याला खोली क्रमांक सांगायला कुणी नव्हतं. दोनशेच्या आत हरलो. हरणाऱ्याच्या टेबलावर माणूस बसत नाही हो. त्यामुळे "आपलं काही खरं नाही" हे वाक्य मला आजही ऐकवत नाही.

गणितमास्तर

थोडे आकडे ठेवतो.

२०२४ ची लोकसभा, मुंबई वायव्य. मतदान यंत्रांतली मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. दोघांनाही साडेचार लाखांवर मतं होती. त्याच वर्षीची विधानसभा: मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी.

साकोलीत आदल्या रात्री "येतोय" म्हणणारा आणि "जातोय" म्हणणारा, दोघांनाही काहीच कळलेलं नव्हतं. २०८ मतं कुणाला पोटात जाणवत नाहीत. कार्यकर्ता ज्याला अंदाज म्हणतो तो बहुतेक वेळा त्याचा त्या आठवड्याचा मूड असतो. सभा भरली की वर, नेता फुटला की खाली.

तात्यांचं वेगळं आहे. त्यांनी चाळी फिरून सांगितलं.

माणदेशी

मास्तरांनी आकडे काढलेच आहेत, तर आमच्या सांगोल्याचा सांगतो. ७६८.

गणपतराव देशमुख आमच्याकडून अकरा वेळा आमदार झाले, सगळ्या वेळा शेतकरी कामगार पक्षाचे. २०१९ ला आबा उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला. आमच्याकडे तेव्हा हवा अशी की सांगोला म्हणजे शेकाप, यात विचारायचं काय. निकाल लागला आणि ७६८ मतांनी गेलं. शहाजीबापू पाटील निवडून आले.

त्यानंतरची पाच वर्षं मी तालुक्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर बसलो तरी हिशोब हाच. तीनशेच्या आसपास बूथ, म्हणजे बूथमागे अडीच मतं. ३८५ माणसांनी समोरचं बटण सोडून आपलं दाबलं असतं तरी झालं असतं. पुण्याला कामाला असलेली पोरं, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, आजारी म्हणून आणली नाही ती म्हातारी. प्रत्येकाला आपल्या ओळखीतली तीन-चार नावं आठवायची आणि माणूस गप्प व्हायचा. माझीही दोन नावं आहेत. मी त्यांना फोन केला नव्हता.

२०२१ ला आबा गेले. तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी सांगितलं, आता संपलं तुमचं. राज्यात पक्ष तर आधीच आक्रसलेला. २०२४ ला आम्ही कुणीही "येणारच" म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मनातून बरेच जण घाबरलेले होते. पण पुण्याची पोरं आदल्या रात्री गाड्या करून आली. बाबासाहेब देशमुख निवडून आले, मोठ्या फरकाने.

आता यातलं आशा कुठलं नि निराशा कुठलं, ते मला वेगळं करून सांगता येत नाही. भीती होती आणि सोडून द्यायचं नव्हतं, एवढं आठवतं.

ओसरी

तात्या म्हणाले की बायका गप्प बसतात, त्यावर लिहिते.

२०२४ च्या विधानसभेआधी माझ्या नवऱ्याने फोनवर त्याच्या मित्राला छातीठोक सांगितलं, "आमच्या घरची सहा मतं पक्की." मी पोळ्या लाटत होते. त्या सहांतली तीन त्याच्याकडे नव्हती. माझं नव्हतं, सासूबाईंचं नव्हतं, जावेचं नव्हतं. आम्ही तिघींनी आपापसातही कधी बोलून ठरवलं नव्हतं.

जूनच्या शेवटी लाडकी बहीण जाहीर झाली, दरमहा १५०० रुपये. योजना चांगली की वाईट यावर इथे वाद नको, त्याचे दहा धागे झालेत. मी एवढंच सांगते की आमच्या गल्लीत जुलै-ऑगस्टभर बायका आधार बँकेला जोडायच्या रांगेत उभ्या होत्या, आणि त्या रांगेत जे बोलणं व्हायचं ते कट्ट्यावर बसलेल्या एकाही पुरुषाच्या कानावर गेलं नाही. पारावर बसून "वातावरण आपलं आहे" म्हणणाऱ्यांनी वातावरण मोजलं कुणाचं? एकमेकांचंच.

दारात येणाऱ्या कार्यकर्त्याला आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही. पाणी विचारतो, पत्रक घेतो, "बघू" म्हणतो. "बघू" म्हणजे "नाही" हे साडी घ्यायला गेल्यावर ज्याला कळतं, त्याला मतं मागायला गेल्यावर का कळत नाही?

तात्यांना कळलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसरी_बाजू

मी समोरच्या आघाडीचा आहे. तरी लिहितो, कारण हा आजार आम्हालाही झाला होता.

२०२४ ची लोकसभा, "चारशे पार". मुंबईत मतदान २० मे, सोमवार. शनिवार, रविवार, सोमवार. आमच्या सोसायटीत आमचा हक्काचा मतदार, अगदी ठरलेला. शनिवारी सकाळी पार्किंग रिकामं व्हायला लागलं. मी एका काकांना गेटवर थांबवलं, "काका, सोमवारी या हं." ते म्हणाले, "अरे, चारशे येतायत, माझ्या एकाने काय अडणार आहे?" रागावता येईना, कारण हे वाक्य त्यांना आम्हीच तीन महिने शिकवलं होतं.

१ जूनच्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांचे एक्झिट पोल आले आणि आम्ही पेढे सांगून ठेवले. ४ जूनला भाजप देशात २४० वर थांबला. महाराष्ट्रात २०१९ ला २३ खासदार होते, ते ९ झाले.

त्यानंतर विधानसभेपर्यंत आमच्या एकाही बैठकीत "येणारच" हा शब्द कुणी काढला नाही. जो काढायला जाई त्याला वरिष्ठ तिथल्या तिथे गप्प करत. बैठकीची सुरुवातच अशी व्हायची की आपण हरलेले आहोत असं धरा, आणि कुठे हरलोय ते बूथच्या नावाने सांगा. इतकं खालच्या तोंडाने काम मी त्याआधी केलेलं नाही. निकाल तुम्ही वर लिहिलाच आहे.

म्हणजे बूथ_चौदा, तुम्ही जूनमध्ये जिथे चढलात तिथून आम्ही त्याच दिवशी उतरलो होतो.

चौकातला

@दुसरी_बाजू, हे वाचून बरं वाटलं नाही, पण पटलं.

तरी माझा मुद्दा उभा आहे. तुमची ती बैठक बंद दाराआड होती. बाहेर तुमचे लोक "येणारच" म्हणतच होते, मी ऐकलंय. मी सुरुवातीपासून तेच म्हणतोय, जागा बघून बोला.

ओसरी

@चौकातला, पण बंद दाराआड तात्यांना बोलावतं कोण? ज्याला पद नाही त्याला ग्रुपशिवाय जागा कुठे आहे?

जुना_वाचक

मी सहसा राजकारणाच्या धाग्यांवर लिहीत नाही. आज लिहितो.

१९७७ ला मी पुण्यात सातवीत होतो. आणीबाणी चालू होती. जानेवारीत इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली तेव्हा आमच्या वाड्यात कुणी मोठ्याने बोललं नाही. माझे वडील समाजवादी वळणाचे, एसेम जोशींना मानणारे. घरात हळू आवाजात म्हणायचे, "हरणार आहोत. पण मोजणीत आपलं मत दिसलं पाहिजे." जनता पक्षाचा जन्मच मुळी दोन महिन्यांचा, पैसा नाही, निम्मे पुढारी तुरुंगातून नुकते सुटलेले. आशा ठेवायला जागाच नव्हती. तरी वडील रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर पायात चपला तशाच ठेवून मतदार याद्या लिहायला जायचे. तेव्हा याद्या हाताने उतरवून घ्याव्या लागत. त्यांच्या मधल्या बोटाला शाईचा निळा घट्टा पडला होता, तो मला अजून दिसतो.

पुण्यातून मोहन धारिया निवडून आले. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्या. त्या रात्री वडील वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर फळा बघायला मला खांद्यावर घेऊन गेले. खांद्यावर बसायचं माझं वय नव्हतं, पण गर्दीच तेवढी होती. फळ्यावर आकडा बदलला की लोक ओरडत. वडील ओरडले नाहीत. त्यांचे खांदे थरथरत होते, ते मला वर बसून कळत होतं.

पुढे १९८० ला तेच वडील म्हणाले, "या वेळी आपण आपल्याच कर्माने हरणार." तेही बरोबर निघालं, इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परत आल्या. त्या वेळीही त्यांनी याद्या लिहिल्या.

त्यांना कुणी निराशावादी म्हटलेलं मला सहन झालं नसतं.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. २०१६ ला आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पुष्कळांना हिलरी क्लिंटन येणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. वर्तमानपत्रं रोज टक्केवारी छापत होती. विस्कॉन्सिन आपलंच म्हणून त्या उमेदवारी मिळाल्यानंतर तिथे प्रचाराला गेल्याच नाहीत. देशभरात त्यांना जवळपास २९ लाख मतं जास्त पडली आणि तरी त्या हरल्या. मिशिगन १०,७०४ मतांनी गेलं. माझी एक सहकारी फोन करायला स्वयंसेवक म्हणून जायची. तिने ऑक्टोबरात सांगितलं होतं की मिशिगनची माणसं फोन लवकर ठेवतायत. तिला म्हणाले, तू थकली आहेस.

तात्या सगळीकडे असतात.

रानवारा

सगळं वाचलं. एका प्रकारच्या निराशेबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला ती सगळ्यांत धोक्याची वाटते. "मशीनमध्येच सगळं ठरलेलं असतं, मत देऊन उपयोग काय?"

२०२४ नंतर आमच्या तालुक्यात हे रोज ऐकतो. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबरात स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. लोकांच्या मनात शंका आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण शंका आहे म्हणून घरी बसणारा कार्यकर्ता मला समजत नाही.

लोकसभा-विधानसभेला मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला १७-सी नमुन्याची प्रत देतो. त्या यंत्रात एकूण किती मतं पडली तो आकडा आणि यंत्राचे क्रमांक त्यात असतात. मोजणीच्या दिवशी ते ताडून बघता येतं. पण त्यासाठी संध्याकाळी दार बंद होईपर्यंत तुमचा माणूस खोलीत बसलेला हवा. आमच्या गावात यंत्रावर सर्वांत जास्त बोलणाऱ्या तिघांना मी विचारलं, तुमच्या बूथची १७-सी कुठे आहे? तिघेही दुपारी जेवायला गेले होते ते परत आलेच नव्हते. मला वाईट वाटलं. तिघेही चांगली माणसं आहेत, आपल्या पक्षावर जीव आहे त्यांचा. त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं की काही होणार नाही.

गणितमास्तर

@रानवारा, यात भर. विधानसभा मतदारसंघामागे पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या) मोजून यंत्राशी जुळवल्या जातात. तिथेही उमेदवाराचे प्रतिनिधी हजर राहू शकतात. महापालिकेच्या मतदानाला व्हीव्हीपॅट नसते. म्हणून तिथे खोलीत बसलेल्या माणसाचं काम आणखी वाढतं.

बूथ_चौदा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तात्यांकडे गेलो होतो.

आधी माफी मागितली. ते "असू दे रे" म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला. मग आतल्या खोलीतून यादी आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने त्या घरचं उत्तर लिहिलेलं, मतदार बोलला त्याच शब्दांत. "देऊ की." "बघू." "पोरगा सांगेल तसं." "तुम्हालाच, यात विचारायचं काय!" या शेवटच्या उत्तराला त्यांनी लाल खूण केली होती. मी विचारलं, ही तर आपली पक्की मतं ना? म्हणाले, "दारात उभं राहून इतकं गोड बोलणारा मला लवकर घालवायला बघतो. जो नळाच्या पाण्यावरून माझ्याशी भांडला, तो आपला आहे. त्याला अजून आपल्याकडून काहीतरी पाहिजे." भांडलेल्या घरांना निळी खूण. ओसरीताईंचा "बघू" वाचून दाखवला तर खूप वेळ मान हलवत राहिले. नमस्कार पोचवला.

यादीत आणखी एक गोष्ट होती, जी आमच्या ग्रुपमध्ये कुणाच्याही लक्षात आलेली नाही. चौथ्या चाळीतली साठेक नावं या वेळी शेजारच्या प्रभागात गेली आहेत. ती माणसं नेहमीप्रमाणे आमच्या शाळेत येतील, नाव सापडणार नाही आणि परत जातील. तात्यांनी "दोन जागा वाचतील" लिहिलं होतं ते यावरून. मी त्यांना म्हटलं, हे ग्रुपमध्ये का नाही लिहिलं? म्हणाले, "लिहिणारच होतो. पुढच्या मेसेजमध्ये."

चौकातलासाहेब, तुमचं वडापाववालं पोस्टही त्यांना दाखवलं. त्यांना पटलं. म्हणाले, मी फोन करून सांगायला हवं होतं. मग थोडं थांबून म्हणाले, "पण फोन उचलतो कोण?"

ग्रुपमध्ये परत यायला ते तयार नाहीत. मी ॲडमिनशी बोललो, तोही आता नरमलाय, पण तात्यांचं म्हणणं, आता वेळ त्यात घालवायला नको. काल संध्याकाळपासून आम्ही दोघं चौथी चाळ करतोय. प्रत्येक घरात नवीन केंद्राचं नाव, खोली क्रमांक लिहून चिठ्ठी देतोय. बॅलट चार रंगांची आहेत, चार बटणं दाबायची आहेत, एक दाबून बाहेर येऊ नका, हेही सांगतोय. निळ्या खुणेच्या घरात चहा होतो आणि भांडणही. एका आजींनी पाण्यावरून मला पंधरा मिनिटं झापलं. बाहेर आल्यावर तात्यांनी यादीत निळी खूण केली.

जिन्यात मी त्यांना विचारलं, आता काय वाटतं? म्हणाले, "अजून नाही वाटत. पण एक जागा दिसायला लागलीय." मग पुढच्या दाराची कडी वाजवली.

चाळीस घरं राहिली आहेत. आमच्या बाजूला दोन माणसांची गरज आहे, चालायची तयारी असलेली, पक्ष कुठलाही चालत नाही, आमचाच पाहिजे. 🙏 ओळखीचे असाल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. मतदान होईपर्यंत इथे फिरकणं होणार नाही.